दाजींच्या गाडीचा आरसा

दाजी माझे. म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, आणि त्यांना दाजी म्हणायचा हक्क खरं तर एकट्या माझा. पण आमच्या सहलीला आलेलं माणूस दहा मिनिटांत त्यांना दाजी म्हणायला लागतं. मागच्या महिन्यात एक साठी उलटलेले गृहस्थ, दाजींपेक्षाही वयाने मोठे, चिखलात फतकल मारून ओरडत होते, "दाजी, माझा बूट गेला हो!" मी म्हटलं, अहो काका, मेहुणी मी आहे त्यांची, तुम्ही कुठून आलात वाटणीला? हसता हसता ते आणखी रुतले.

आमचा धंदा एका दिवसाचा. सकाळी सातला सहा मोटारसायकली आमच्या गॅरेजमधून निघतात. अर्ध्या तासात डांबरी रस्ता सोडायचा आणि मग कच्ची वाट. दगड, चिखल, ओढे, झाडांची मुळं. दोन तासांनी धबधबा. तो लांबून बघून फोटो काढायचा नाही, दोराला बांधून घेऊन पाण्यातून वर चढायचा, तीन टप्पे. वर बसून पाव, उकडलेली अंडी, केळी आणि चहा. मग उतरायचं आणि आल्या वाटेने परत. लोक पैसे देऊन हे का करतात ते मला अजून कळलेलं नाही, पण संध्याकाळी त्यांचे चेहरे बघितले की वाटतं, करोत बापडे.

यातल्या गाड्या आमच्या वडिलांच्या आणि दोर दाजींचे. दाजी तरुणपणी कारखान्यांची धुराडी आणि पाण्याच्या टाक्या रंगवायचे. दोराला लोंबकळून आठ-आठ तास वर बघत रंगवायचं. त्या कामाने त्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, दोराची अशी ओळख की दोर हातात घेतला की पलीकडच्या माणसाला घाम फुटलाय की नाही ते सांगतील. दुसरी, आखडलेली मान. ती डावीउजवीकडे फिरतच नाही. कोणी हाक मारली तर माणूस अख्खा वळतो, कपाट फिरवल्यासारखा. ताईला बघायला आले तेव्हाही असेच अख्खे वळून बघितलं, आणि ताई आत येऊन मला म्हणाली, "बाई गं, हा माणूस चोरून बघूच शकत नाही, ह्याच्याशी करायला हरकत नाही."

मी परीक्षेत सपशेल आपटले त्या साली ताईकडे राहायला आले. वय सतरा, तोंडाचा पट्टा चालू, डोकं कायम तापलेलं. सगळे मला समजवायला यायचे. दाजींनी काही समजावलं नाही. एक उघडलेलं इंजिन माझ्यासमोर ठेवलं, पाना हातात दिला आणि म्हणाले, "छोटे, हे सुरू होत नाहीये, बघ जरा." चार दिवस मी त्याच्याशी भांडले. पाचव्या दिवशी ते सुरू झालं. आता मी सेहेचाळीस वर्षांची आहे, गॅरेज माझं आहे, आणि ते अजून मला छोटे म्हणतात.

सहलीचा त्यांचा एकच नियम. पुढे चालवणाऱ्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं आणि मागे बघायचं. शेवटच्या गाडीचा दिवा दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही. एकोणीस वर्षांची असताना मी हट्टच धरला की आज मी पुढे. दाजी म्हणाले, जा. मी अशी काही सुटले की थेट धबधब्यावर जाऊन थांबले, ऐटीत हेल्मेट काढलं, मागे बघितलं तर चिटपाखरू नाही. माणसं तीन फाट्यांवर विखुरली होती. एक जण तर दुसऱ्याच गावाला निघाला होता. दाजी ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "छोटे, तुला मागच्याची वाट बघवत नाही." आणि मला सगळ्यात मागे टाकलं. सत्तावीस वर्षं मी मागेच होते. पडलेल्यांना उचलायचं, बंद पडलेल्या गाड्या सुरू करायच्या, रडणाऱ्यांना दरडावायचं. आणि खोटं कशाला बोलू, हळूहळू ते मला आवडायला लागलं होतं.

दोन वर्षांपूर्वी दाजींचे कान गेले. एका दिवसात नाही. आधी दारावरची घंटा गेली, मग ताईची हाक, मग माझी. आणि माझी हाक ज्याला ऐकू येत नाही त्याच्या कानांत काही उरलं नाही असं समजावं. तीस वर्षं सायलेन्सर आणि धबधबा, दुसरं काय होणार? कानाचं यंत्र आणलं. ते हेल्मेटच्या आत शिट्टी वाजवायचं आणि पाण्यात मुकं व्हायचं. आता ते ताईच्या बटणांच्या डब्यात आहे.

घरात ताईने स्वयंपाकघरातल्या दिव्याचं बटण धरलं. दोनदा उघडझाप म्हणजे जेवायला या. एकदा शेजारचे वायरमन पक्कड घेऊन धावत आले, म्हणाले, वहिनी, तुमचा दिवा रोज बरोबर एक वाजता बिघडतो. ताईने त्यांनाही जेवायला बसवलं. समोरासमोर असलं की दाजी ओठ वाचतात, आणि बाहेरच्याला पत्ता लागत नाही. धबधब्यावर तर प्रश्नच नव्हता, तिथे पाण्याच्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नाही. तिथे पहिल्यापासून दोराचीच भाषा. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे ओढून घे. उरली वाट. त्यावर तोडगा मी काढला. दाजींच्या गाडीला आरसा होता आणि माझ्या गाडीला डिपर. मागून एकदा दिवा मारला की सगळं ठीक, चला. दोनदा मारला की कोणीतरी पडलंय, थांबा. दोन वर्षं आम्ही असं चालवलं. एकाही गिऱ्हाइकाला कळलं नाही, आणि मला तर आमच्या हुशारीचं कौतुकच वाटत होतं.

मग परवान्याचं वर्ष आलं. दर तीन वर्षांनी कचेरीतून एक तपासनीस येतो, अख्खी सहल आमच्याबरोबर करतो आणि संध्याकाळी कागदावर सही देतो. परवाना दाजींच्या नावावर. आणि या खेपेच्या कागदात एक नवीन रकाना आला होता : "वीस पावलांवरून मारलेल्या हाकेला म्होरक्या ओ देतो का?" ताईने तो वाचला आणि कागद घडी घालून पोळपाटाखाली ठेवला, जणू तिथे तो आपोआप सपाट होऊन जाईल. दाजींचं काम गेलं तर दाजी काय करणार, हा प्रश्न आम्ही दोघींनी एकमेकींना विचारला नाही. उत्तर माहीत होतं. खुर्चीत बसले असते आणि भिंतीकडे बघत राहिले असते.

आदल्या दिवशी मी गाड्या अशा घासल्या की बस. चेन, चाकं, टाक्या, सगळं लखलखीत. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना आरसे नसतातच, झाडीत अडकून फुटतात. दाजींच्या गाडीला तेवढा एक होता, तोही तडकलेला, काळ्या चिकटपट्टीने गुंडाळलेला. मी म्हटलं, साहेबाच्या डोळ्यांसमोर हे ध्यान नको. पाना लावला, आरसा काढला, खणात टाकला. ज्या आरशात मी दोन वर्षं दिवा मारत होते तोच आरसा मी माझ्या हाताने काढला, आणि वर शीळ घालत घरी गेले. अशी मी शहाणी!

सकाळी सगळे जमले. एक नवीन लग्न झालेलं जोडपं, दोघांच्या गाड्या वेगळ्या कारण एकीवर बसले की भांडतात. एक दातांच्या डॉक्टरीणबाई, गोलमटोल आणि हसऱ्या. आणि तपासनीस साहेब, उंचेपुरे, आवाज असा की आमचा पत्रा थरथरावा. साहेब गाडीवर बसून तयार. दाजी आले, गाडीवर बसले, हात सवयीने आरसा नीट करायला गेला आणि हवेतच राहिला. त्यांनी अख्खं वळून माझ्याकडे बघितलं. खण दहा पावलांवर होता. पण साहेब घड्याळ बघत होते, आणि "जरा थांबा, आमच्या म्होरक्याला ऐकू येत नाही म्हणून आरसा लावते" असं काही मला म्हणता येईना. दाजींनी खांदे उडवले आणि किक मारली.

पहिल्या तीन फाट्यांवर ते थांबले, गाडीसकट आडवे वळले, मागे बघितलं, दिवे मोजले, पुढे निघाले. मी म्हटलं, निभावलं. पण तिसऱ्या फाट्यानंतर ओढा लागतो, आणि ओढ्यानंतर धबधब्यापर्यंत फाटाच नाही. ओढ्यात डॉक्टरीणबाईंचं पुढचं चाक दगडावरून घसरलं आणि बाई गाडीसकट पाण्यात. मी दोनदा दिवा मारला. मग चारदा, मग मोजायचं सोडून दिलं. हॉर्न दाबून धरला. जोडपं ओरडलं. साहेबांनी तर अशी आरोळी ठोकली की झाडावरचे पक्षी उडाले. दाजी संथपणे वळणाआड निघून गेले.

"ऐकू येत नाही का यांना?" साहेबांनी विचारलं.

"इंजिनाचा आवाज फार असतो हो साहेब."

"माझंही इंजिन चालू होतं, बाई. मला तुमचा हॉर्न चांगला ऐकू येत होता."

मी पाण्यात उतरले. बाईंना काही झालं नव्हतं, नडगी खरचटली होती आणि त्या पाण्यात बसूनच हसत होत्या. पण गाडी सुरू होईना. प्लग काढला, पुसला, फुंकला. वीस मिनिटं गेली. मग समोरून दाजी आले. मी त्यांना तसं चालवताना कधी बघितलं नव्हतं, दगडांवरून उडत आले. धबधब्यावर पोचून मागे वळले असणार आणि मागे कोणी नाही. गाडी टाकून ते ओढ्यात शिरले. चेहरा पांढराफटक. आधी माणसं मोजली, मग बाईंच्या नडगीकडे बघितलं.

"किती वेळ झाला पडून?"

"अहो, काही नाही झालं दाजी," बाई म्हणाल्या, "वीस मिनिटं, पाय तेवढे गार झाले."

"वीस मिनिटं," दाजी म्हणाले. एवढंच. मग त्यांनी स्वतः बाईंची पट्टी बांधली. एरवी ते काम माझं असतं. मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटत होतं.

धबधब्यावर आलो, दाजींनी वर जाऊन दोर लावले. नेहमीप्रमाणे दाजी वरच्या खडकावर, मी खाली. मी एकेकाला पट्टा बांधायचा, कडी अडकवायची, तीन हिसके शिकवायचे आणि पाठवायचं. जोडपं चढलं, भांडत चढलं, आणि पाण्यात एकमेकांचं ऐकू येत नाही म्हणून वर पोचेपर्यंत त्यांचं मिटलं होतं. डॉक्टरीणबाई तर मुंगीसारख्या सरसर गेल्या. शेवटी साहेब. साहेबांना मी हिसके सांगायला लागले तर म्हणाले, "मी बारा वर्षं तपासणी करतोय." बरं बाबा.

दुसऱ्या टप्प्यावर एक जागा आहे, तिथे पाणी थेट डोक्यावर पडतं. तिथे श्वास धरून चार पावलं पटापट जायचं असतं. साहेब बरोबर त्याच जागी थांबले. दोन्ही हातांनी खडकाला मिठी. खालून मी बघतेय, त्यांचं तोंड उघडतंय आणि मिटतंय, म्हणजे ओरडत होते. एवढा पत्रा हलवणारा आवाज, पण मला खाली एक अक्षर ऐकू येत नव्हतं. हिसका त्यांनी एकही दिला नाही, दोराला हात लावायला हात मोकळा कुठे होता? मी खालून नुसते हात हलवत होते आणि वर दाजींना खडकाच्या कडेमुळे आम्ही दोघेही दिसत नव्हतो, ना साहेब ना मी.

दोर ताणला गेला. घट्ट, पण ओढणारा नाही, धरून ठेवणारा. मग दाजी कडेवर दिसले. वरचा दोर बांधून टाकला होता आणि स्वतः दुसऱ्या दोराने खाली उतरत होते. पाण्यात शिरले, साहेबांच्या पाठीशी उभे राहिले, आपल्या अंगाने पाणी अडवलं, आणि चेहरा त्यांच्या चेहऱ्याजवळ नेला. साहेबांचे ओठ हलले. दाजींनी मान डोलावली. मग साहेबांचा एक हात खडकावरून सोडवला, वरच्या खाचेवर ठेवला. मग पाय. मग दुसरा हात. असं करत करत वर नेलं. मी खाली उभी राहून रडत होते की भिजत होते ते मला तरी माहीत नाही.

वर साहेब केळं सोलत बसले. मग म्हणाले, "मी हिसका दिला नव्हता. तुम्हाला कसं कळलं?"

दाजी समोरच होते, ओठ वाचले. "दोर थरथरत होता, साहेब. चढणाऱ्याचा दोर थांबून थांबून हलतो. घाबरलेल्याचा थरथरतो."

आता दाजींनी गप्प बसायचं. तेवढं केलं असतं तर परवाना खिशात होता. मी त्यांच्याकडे डोळे वटारून बघत होते. पण दाजींनी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "साहेब, मला ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. आज माझं एक माणूस पाण्यात पडलं आणि मी वीस मिनिटं त्याला सोडून पुढे गेलो. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुम्ही कागदावर काय ते लिहा."

माझ्यात नव्हती नव्हती ती शरम एकदम उसळून आली. "चूक माझी आहे," मी ओरडलेच. "आरसा मी काढला! लपवलं मी! ह्यांना कशाला शिक्षा?"

"मला अंदाज आला होता," साहेब म्हणाले. "सकाळी मी पाठीमागून तीनदा नमस्कार म्हटलं, एकदाही उत्तर नाही. मला वाटलं, माणूस आखडू आहे." डॉक्टरीणबाई फसकन हसल्या, आणि मग सगळेच. साहेबांनी पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. "हे बघा. यात म्होरक्याचे रकाने दोन आहेत. एक वाटेवरचा, एक दोरावरचा. तुम्ही दरवेळी दोन्हीकडे एकच नाव लिहिता, ते तुमचं तुम्ही. वाटेवर ज्याला ऐकू येत नाही त्याला मी पुढे ठेवणार नाही. आरसा लावला तरी नाही."

"बरोबर आहे," दाजी म्हणाले.

"दोरावर दुसरा कोणी असता तर मी आत्ता इथे केळं खात बसलो नसतो." त्यांनी तिथे दाजींचं नाव लिहिलं. ओ देण्याच्या रकान्यापाशी थांबले, थोडा विचार केला, आणि लिहिलं : "हाक न मारताही देतो." मग पेन माझ्याकडे रोखलं. "वाटेवर कोण?"

"मी नाही," मी म्हणाले. "मला मागच्याची वाट बघवत नाही. विचारा यांना."

दाजींनी माझे ओठ वाचले आणि हसले. "ते सत्तावीस वर्षांपूर्वी, छोटे. त्यानंतर तू रोज मागच्यांबरोबरच होतीस."

परतताना मी पुढे. इतक्या वर्षांत ती वाट मी कोणाच्या तरी पाठीशिवाय बघितलीच नव्हती, भलतीच रुंद वाटत होती. माझ्याही गाडीला आरसा नाही, त्यामुळे दर वळणावर मान वळवून वळवून दुखायला लागली. झाडीत सावल्या उतरल्या होत्या, सगळ्यांचे दिवे लागले होते. ओढा ओलांडून फाट्यावर मी थांबले आणि मोजायला लागले. साहेब. नवरा. बायको. डॉक्टरीणबाई. पाचवा दिवा नाही.

हात नुसता वळवळत होता. परत जावं का? ओढ्यात पडले का? मी ओरडले असते तरी उपयोग काय, ऐकणार कोण? थांबले. आयुष्यात एवढं कधी थांबले नव्हते. मग ओढ्याच्या पलीकडून तो दिवा आला, सावकाश, आणि मला बघून एकदा मिचकला. एकदा. सगळं ठीक, चला. दोन वर्षं मी तो दिवा मारत होते, पण समोरून तो कसा दिसतो ते मला आज पहिल्यांदा कळलं. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, डॉक्टरीणबाईंचा हातमोजा ओढ्यात राहिला होता, तो उचलायला थांबलो. मागे राहणाऱ्याचं कामच ते.

गॅरेजशेजारच्या घरी पोचले तेव्हा ताई फाटकात उभी होती. पहिली गाडी माझी बघून तिचा हात तोंडावर गेला.

"हे कुठेत? अगं, हे कुठेत?"

मी हेल्मेट काढलं. एरवी मी एकाला चार शब्द बोलते, त्या वेळी मला एकच वाक्य जमलं.

"मागे आहेत ताई. परवाना मिळालाय, आणि आता ते मागे आहेत."

तिने माझा चिखलाने माखलेला हात धरला. साहेबांची गाडी आली, जोडप्याची आली, डॉक्टरीणबाई हात हलवत आल्या. आम्ही दोघी तिथेच उभ्या राहिलो. शेवटचा दिवा वळणावर दिसला तेव्हा ताई पळत घरात गेली आणि स्वयंपाकघरातलं बटण दोनदा दाबलं.